तहानंतरची छावणी



युद्धाचा खर्च आपण पहिल्या गोळीपासून तहापर्यंत मोजतो. पण तहानंतरही फौज परक्या मुलखात बसून राहिली, तर पुढचा खर्च कोण भरतो? इराकचं उदाहरण घेऊ.

३० ऑक्टोबर १९१८ ला तुर्कस्तानशी युद्धबंदी झाली. ब्रिटिश फौज मात्र इराकमधून हलली नाही. त्या फौजेत बहुसंख्य शिपाई हिंदुस्थानी होते. याच आघाडीवर, कुतच्या वेढ्यात, आपल्या मराठा पलटणींनी उपासमार सोसली होती.

एप्रिल १९२० मध्ये सान रेमोच्या बैठकीत इराकचा कारभार ब्रिटनकडे सोपवला गेला. इराकींना कुणी विचारलं नाही. त्या वर्षीच्या रमजानमध्ये बगदादच्या मशिदींत शिया आणि सुन्नी एकत्र जमले, स्वातंत्र्य मागू लागले. उन्हाळ्यात उठाव पेटला. तो मोडायला कुमक गेली तीही हिंदुस्थानातून. हजारो इराकी मारले गेले. ब्रिटिश तिजोरीला सुमारे ४ कोटी पौंडांचा फटका बसला.

मग १९२१ च्या कैरो परिषदेत चर्चिल यांनी स्वस्त तोडगा काढला: पायदळ कमी करा, विमानं ठेवा. पुढच्या वर्षी इराकचा बंदोबस्त हवाई दलाकडे गेला. लंडनचा खर्च उतरला आणि इराकी खेड्यांवर बॉम्ब पडू लागले.

१९३२ मध्ये इराक स्वतंत्र झाला, तरी हब्बानिया आणि शुऐबा हे हवाई तळ ब्रिटनकडेच राहिले. १९४१ मध्ये तळांच्या त्याच वादातून लढाई झाली. हिंदी पलटणी पुन्हा बसऱ्याला उतरल्या. १९५५ मध्ये तळ इराककडे आले, पण तोवर परक्यांच्या आधारानं टिकलेल्या राजघराण्यावरचा लोकांचा विश्वास उडाला होता. १९५८ च्या क्रांतीत राजा मारला गेला.

हा दोष फक्त गोऱ्या साम्राज्यांचा आहे, असं समजू नका. लेबनॉनचं यादवी युद्ध १९९० मध्ये थांबलं; सीरियाची फौज तिथून निघाली २००५ मध्ये. कब्जा करणारा मुसलमान आहे म्हणून आपण त्याला सूट दिली, तर आपली न्यायाची भाषा पोकळ ठरेल.

म्हणून अशी बातमी वाचाल तेव्हा तीन गोष्टी विचारा. फौज परत कधी जाणार? पैसा कुणाचा? आणि तिथल्या माणसांची संमती घेतली का? उत्तरं मिळत नसतील, तर तिथलं युद्ध संपलेलं नाही, असंच धरा.