शाळेचे अंगण

शाळेत बाके किती, फळे किती, याची नोंद दप्तरात असते. अंगणात सावली किती, हे मात्र कोणी लिहून ठेवीत नाही.

पुण्याच्या पेठेतली एक प्राथमिक शाळा माझ्या परिचयाची आहे. तिन्ही बाजूंना इमारती, मध्ये फरशी, आणि कोपऱ्यात बुंध्यापर्यंत सिमेंटने आवळलेला एक कडुनिंब. मार्चमध्ये दुपारच्या पाळीची मुले त्या फरशीवर अनवाणी उभी राहू शकत नाहीत. तरी शाळेच्या समितीत विषय निघाला तो झाड तोडण्याचा. कारण काय, तर पाला पडतो! मला हसू आले. तेव्हा झाडलोट करणाऱ्या मावशी म्हणाल्या, "हसताय काय सर, दोन वेळा झाडून बघा." त्यांचे खरे होते. अंगणाचा आराखडा करणाऱ्याने आधी त्यांच्याशी बोलावे, हे मी त्या दिवशी शिकलो.

उघड्यावर शिकवणे आपल्याला नवे नाही. रवींद्रनाथांनी १९०१ साली शांतिनिकेतनात शाळा काढली, तिचे वर्ग झाडांखाली भरत. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी कुरणशाळा चालवल्या. मुले शाळेत येत नाहीत ना, मग शाळाच कुरणात न्यावी. पण तेथे कुरण होते. पेठेत ते चार हातांच्या जागेत आणायचे आहे.

सबंध फरशी उखडण्याची गरज नाही, आणि पावसाळ्यातल्या चिखलाचा विचार करता ते शहाणपणाचेही नाही. झाडाभोवतीचे सिमेंट आधी काढावे, मुळांना पाणी आणि हवा मिळू द्यावी. मग मुळे न दुखावता, माती मोकळी ठेवून, भोवती पार बांधावा. पार म्हणजे आपला जुना वर्गच की! पंचवीस मुले त्यावर सहज बसतात. नवे झाड लावायचे ते पश्चिमेच्या अंगाला, कारण दुपारच्या पाळीला ऊन तिकडून येते. गुलमोहर दिसतो सुंदर, पण तो वादळात मोडतो; मी बहावा निवडीन. पाल्यासाठी कोपऱ्यात विटांचा हौद करावा. तेथे पाल्याचे खत होते आणि मावशींचा फेरा वाचतो.

पाण्याचे काय? पोषण आहाराच्या वेळी मुले हात धुतात, ते पाणी गटारात जाते. कोकणात मोरीच्या पाण्यावर अळू आणि केळ पोसतात. तेच येथे करावे, फक्त पाणी साचू देऊ नये, नाहीतर डास होतील. लिंबू आणि कढीपत्ता तर हवाच. त्यांच्या पानांवर फुलपाखरे अंडी घालतात. कोवळी अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, मग हिरवी होते, मग कोश! पुस्तकातले चित्र पाहून न सुटणारे कोडे मुले आठवड्या-दोन आठवड्यांत डोळ्यांनी सोडवतात. धोतरा आणि कण्हेर मात्र विषारी. लहान मुलांच्या अंगणात ती नकोत.

मधोमध एक काठी रोवावी आणि तिची सावली खडूने आखावी. चौथीच्या मुलांना दिशा, कोन, ऋतू, सगळे तेथे मिळते. पुण्यात वर्षातून दोनदा सूर्य भर दुपारी नेमका डोक्यावर येतो आणि सरळ काठीची सावली नाहीशी होते. गंमत अशी की, मेच्या मध्यावर शाळेला सुट्टी असते आणि जुलैअखेरीस आभाळात ढग!

राहिला प्रश्न सुट्टीचा. रोपे जूनमध्ये लावली तर पावसाळा त्यांना सांभाळतो. पण पुढच्या मेमध्ये पाणी कोण घालणार? असल्या बागा बहुधा याच महिन्यात मरतात. आमच्या शाळेत बरीच चर्चा झाली, ठराव झाला, वेळापत्रक भिंतीवर लागले आणि रोपे सुकली. दुसऱ्या वर्षी मावशींनी समोरच्या वाड्यातल्या एका आजीबाईंना फाटकाची किल्ली दिली. त्या रोज संध्याकाळी दोन बादल्या घालतात आणि जाताना आमटीपुरता कढीपत्ता तोडून नेतात.