लष्करी रायफलीचे शिकारी रूप

दोन महायुद्धांच्या निमित्ताने युरोप-अमेरिकेतील कारखान्यांतून लक्षावधी रायफली बाहेर पडल्या आणि १९४५ नंतर सैन्यांनी स्वयंचलित शस्त्रे स्वीकारल्यावर त्यांपैकी पुष्कळशा विक्रीस काढण्यात आल्या. जर्मनीची माउझर ९८, ब्रिटनची ली-एन्फिल्ड आणि अमेरिकेची स्प्रिंगफील्ड १९०३ या त्यांतील प्रमुख होत. या सर्व बोल्ट रायफली, म्हणजे दर गोळीनंतर हाताने दांडा उचलून मागे ओढायच्या व पुढे ढकलून पुढचे काडतूस नळीत बसवायचे, अशा रचनेच्या होत्या. अमेरिकेत १९६८ च्या कायद्याने परदेशी लष्करी शस्त्रांच्या आयातीवर निर्बंध घालीपर्यंत त्या टपालानेसुद्धा स्वस्तात मिळत, आणि नवी शिकारी रायफल न परवडणारा ग्रामीण शिकारी त्याच घेऊन आपल्या कामासाठी बदलून घेत असे.

बदलाची गरज कशी निर्माण झाली, हे सैनिक आणि शिकारी या दोघांच्या वापराकडे पाहिल्यास कळते. सैनिकाला एकापाठोपाठ एक गोळ्या झाडाव्या लागत, त्यामुळे तापलेल्या नळीने हात भाजू नये म्हणून ती जवळजवळ टोकापर्यंत लाकडाने झाकलेली असे आणि पुढे संगीन अडकविण्याची सोय असे. शिकारी मात्र सुमारे चार किलोंचे हे ओझे दिवसभर रानातून वाहतो आणि बहुधा एकच गोळी झाडतो. म्हणून नळीवरचे लाकूड काढणे, संगीन अडकविण्याचा भाग कापून टाकणे आणि नळी थोडी आखूड करणे हा पहिला टप्पा ठरला. हे काम केवळ गरिबांचे होते असे मात्र नाही. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट १९०९ साली आफ्रिकेत शिकारीला गेले, तेव्हा त्यांच्यापाशी अशीच बदललेली स्प्रिंगफील्ड होती, आणि पुढे न्यूयॉर्कमध्ये सीमोर ग्रिफिन या लाकूडकारागिराने स्प्रिंगफील्डला अक्रोडाच्या लाकडाचे सुबक दस्ते बसवून या कामाला कलेचा दर्जा मिळवून दिला.

यानंतर नेम धरण्यासाठी दुर्बीण बसविताना खरे कसब लागते. जुन्या माउझरच्या बोल्टचा दांडा सरळ बाहेर आलेला असतो; तो वर उचलला की नळीच्या रेषेत बसविलेल्या दुर्बिणीवर आपटतो. तो तापवून खाली वाकवावा लागतो किंवा कापून नवा जोडावा लागतो, पण त्या वेळी उष्णता बोल्टच्या कठीण केलेल्या भागांपर्यंत पोहोचली तर पोलादाचे पाणी उतरते, म्हणून कारागीर ते भाग ओल्या चिंध्यांनी गुंडाळून ठेवतो. बोल्टच्या मागील टोकाशी असलेला सुरक्षेचा खटकाही वरच्या बाजूने फिरणारा असल्याने दुर्बिणीला अडतो आणि बाजूने चालणारा दुसरा खटका लावावा लागतो.

या सगळ्याआधी रायफल झाडण्यास सुरक्षित आहे का, हे पाहणे आवश्यक असते. बंद बोल्टचा दर्शनी पृष्ठभाग आणि नळीत बसलेले काडतूस यांच्यातील मोकळी जागा ठरावीक मर्यादेत असावी लागते. ती वाढली तर काडतुसाचे पितळ फाटून जळता वायू नेमबाजाच्या तोंडाकडे येऊ शकतो. स्प्रिंगफील्ड कारखान्यातील १९०३ नमुन्याच्या ज्या रायफलींचा क्रमांक आठ लाखांच्या आत आहे, त्यांचे पोलाद भट्टीत किती तापले हे कारागीर नुसत्या डोळ्यांनी ठरवीत, त्यामुळे काहींचे पोलाद जास्त तापून ठिसूळ झाले आणि त्यांतल्या काही पुढे फुटल्या. अशी रायफल कितीही देखणी असली तरी ती झाडू नये. तपासणीचा खर्च वाचविणारा माणूस स्वतःचे डोळे पणाला लावतो.

तथापि, हरणाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा बदल रायफलीत नसून गोळीत असतो. लष्करी गोळीचे शिसे तांब्याच्या किंवा पोलादाच्या आवरणाने पूर्ण झाकलेले असते. ती शरीरातून बारीक छिद्र पाडून आरपार जाऊ शकते, आणि मग जखमी हरीण दूर पळून जाऊन तासन्‌तास तडफडत मरते. शिकारी गोळीचे टोक उघड्या शिशाचे असते, ते आत शिरताच पसरते आणि खांद्यामागे फुप्फुसांत बसल्यास प्राणी लवकर कोसळतो. कलकत्त्याजवळच्या दमदम येथील कारखान्यात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तयार झालेली गोळी याच जातीची होती आणि तिच्यामुळे उठलेल्या वादानंतर १८९९ च्या हेग परिषदेने पसरणाऱ्या गोळ्या युद्धात निषिद्ध ठरविल्या. उलट, अमेरिकेतील अनेक राज्यांत हरणाच्या शिकारीसाठी पूर्ण आवरणाची गोळी वापरण्यास मनाई आहे. हे दोन्ही नियम योग्य आहेत. सैनिकाला लढण्यास असमर्थ केले की युद्धाचे काम भागते, पण हरणाला घायाळ करून सोडणे हा शिकाऱ्याचा गुन्हाच होय.

भारतात लष्करी काडतुसाची रायफल नागरिकांना वर्ज्य असल्याने सरकारी कारखान्यांनी ली-एन्फिल्डच्या धर्तीवर ०.३१५ इंचाची वेगळी रायफल काढली. चितळ, सांबर यांची शिकार मात्र येथे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने प्रतिबंधित आहे, त्यामुळे हे विवेचन त्या देशांपुरतेच आहे, जिथे परवान्याने व ठरावीक हंगामात हरीण मारता येते.

त्या देशांतही आता परिस्थिती पालटली आहे. कारखान्यात तयार झालेल्या शिकारी रायफली वाजवी दरात मिळतात, आणि मूळ रूपातील लष्करी रायफलींची संख्या घटत गेल्याने संग्राहक कापलेल्या रायफलीपेक्षा अखंड रायफलीला कितीतरी अधिक किंमत देतात. पन्नास वर्षांपूर्वी कुणीतरी कापलेली रायफल आज शिकारीसाठी खुशाल सुधारून घ्यावी; पण जिचे लाकूड, नळी आणि क्रमांक मूळचे शाबूत आहेत, तिच्यावर करवत चालवू नये, आणि दस्ता बदललाच तर जुना दस्ता जपून ठेवावा.