चंद्रोदयापूर्वीची दहा मिनिटे

(मंडळाच्या गुढीपाडवा स्नेहमेळाव्यात रविवार, दि. ३० मार्च २०२५ रोजी केलेले भाषण)



आपण बडोदेकर मंडळी नव्या वर्षांच्या बाबतीत श्रीमंत. १ जानेवारी आहे, आजचा पाडवा आहे, आणि दिवाळीनंतरचे बेसतु वरस शेजारी आपल्याला चुकवू देत नाहीत. आमच्यासारख्या सरकारी नोकरांना चौथेही असते, १ एप्रिलचे. चार वेळा वर्ष बदलते, पण घरातले खण होते तसेच राहतात.

आम्हाला विषय दिला आहे, घर नीट ठेवण्याच्या लहान सवयी. कचेरीत प्रत्येक कागदावर आवक क्रमांक घालणारे आम्ही, घरचे कागद मात्र साडीच्या दुकानाच्या पिशव्यांत कोंबून ठेवत होतो. त्यामुळे उपदेश करण्याचा अधिकार आम्हाला नाही. काय घडले ते सांगतो.

गेल्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीने काय केले, ते इथे कोणाला सांगायला नको. धोक्याची पातळी २५ फूट, आणि पाणी ३५ फुटांच्याही वर गेले. आमच्या घरात शिरले तेव्हा आम्ही गॅसची टाकी, टीव्ही, धान्याचे डबे आणि गणपतीचे मखर वर चढवले. दिवाणाखालची वडिलांची पत्र्याची पेटी कोणालाच आठवली नाही. तीत घराचा दस्त, वडिलांचा पेन्शनचा हुकूम, बँकेच्या पावत्या, सगळे होते.

वडील रागावले नाहीत. त्यांनी पंख्याखाली दोऱ्या बांधल्या आणि कपड्यांच्या चिमट्यांनी एकेक कागद वाळत घातला. ओले कागद ओढून सोडवायचे नाहीत, उन्हात टाकायचे नाहीत, हे तेव्हा शिकलो. दस्ताची शाई पसरली होती. नोंदणी झालेल्या दस्ताची प्रमाणित नक्कल सब-रजिस्ट्रारच्या कचेरीतून मिळते, म्हणून निभावले.

मग वडिलांनीच नियम घातला. आमच्याकडे संकष्टी असते. चंद्रोदयाची वाट पाहत सगळे बसलेलेच असतात. तेवढ्या वेळात दहा मिनिटे एकच जागा आवरायची. एकदा औषधांचा डबा, मुदत संपलेली बाहेर. एकदा किल्ल्या, प्रत्येकीला चिठ्ठी. एकदा फक्त कागद. पूर्ण घर काढायचे नाही, कारण पूर्ण घर काढायचे म्हटले की ते दिवाळीवर जाते.

कागदांसाठी त्यांनी एक दोनशे पानी वही केली. कोणते खाते कुठे, पावती कोणत्या पाकिटात, वारस म्हणून नाव कोणाचे लावले आहे. पिन आणि पासवर्ड त्यात लिहायचे नाहीत. कागद चेन असलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत, आणि पिशवी कपाटाच्या सर्वांत वरच्या कप्प्यात. पाणी खालून येते, एवढे लक्षात ठेवायचे.

अशा चार संकष्ट्या झाल्या. पौषात वडील गेले. म्हणून यंदा आमच्याकडे गुढी नाही.

वही होती म्हणून बँकेचे काम आठ दिवसांत झाले. पण एक गोष्ट वहीत यायची राहिली होती, आईचे नाव. वडिलांच्या नोकरीच्या कागदात आईच्या नावापुढे ‘बेन’, बँकेत ‘बाई’, आधारवर नुसते नाव, आणि शाळेच्या दाखल्यावर माहेरचे, लग्नात बदललेले नाव. चारही ठिकाणी आई एकच, पण कागदाला ते कळत नाही. प्रतिज्ञापत्र झाले, अर्ज झाले, तरी आईची कुटुंब पेन्शन आजपर्यंत सुरू झालेली नाही. परवा ती म्हणाली, “पन्नास वर्षं या घरात काढली, आता मी कोण ते सिद्ध करायचं का?” आमच्याकडे उत्तर नव्हते. टेबलाच्या पलीकडे बसून आम्ही स्वतः लोकांना हेच सांगत आलो आहोत, नाव जुळत नाही, सुधारून आणा.

हे आपल्यापैकी पुष्कळ घरांत असणार. पिढ्यान्‌पिढ्या आपण इथे आहोत. नावे मराठी, कागद गुजराती, आणि इंग्रजीत कोणी जसे लिहिले तसे. राव कुठे लागले, भाई कुठे लागले, आडनावाचे स्पेलिंग कुठे फिरले, हे माणूस असेपर्यंत अडत नाही. म्हणून येत्या संकष्टीला घरातल्या सगळ्यांत मोठ्या बाईचे नाव आधी तपासा. आधार, पॅन, बँक, पेन्शन, चारही कागद शेजारी ठेवा. ज्यांच्या नोकरीचे कागद आहेत ते हयात असताना एका अर्जात होणारे काम नंतर वर्षभर पुरते.

आणखी दोन गोष्टी. खात्याला नाव लावलेला नॉमिनी पैसे स्वीकारतो, पण त्याने वारसांचा हक्क संपत नाही, म्हणून कोणाचे नाव कशासाठी लावले ते घरात बोलून ठेवा. आणि दहा वर्षे हात न लावलेल्या खात्यातली रक्कम बँक रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा करते. ती बुडत नाही, मागता येते. पण मागायला खाते होते हे कोणाला तरी ठाऊक पाहिजे ना!

वही आता आई लिहिते. गेल्या संकष्टीला तिने पहिल्या पानावर स्वतःची चारही नावे एकाखाली एक लिहिली आणि त्यापुढे अर्जाची तारीख घातली. पाचवी ओळ तिने मोकळी सोडली आहे, पेन्शन सुरू होईल त्या तारखेसाठी.

 गणपती बाप्पा मोरया!