आतला कोपरा, बाहेरचा कोपरा

स्पॅनिश शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्याच्या वहीत ‘रिंकोन’ म्हणजे कोपरा आणि ‘एस्किना’ म्हणजेही कोपरा अशी दोन टिपणे हमखास सापडतात, आणि खरी अडचण तिथूनच सुरू होते. घरात केरसुणी उभी केली जाते तो दोन भिंतींमधला आतला कोपरा म्हणजे रिंकोन; त्याच भिंती बाहेर जिथे मिळतात आणि जिथे वळून माणूस दुसऱ्या गल्लीत शिरतो, ती एस्किना. भिंती त्याच, बोलणारा उंबऱ्याच्या आत आहे की बाहेर, यावर शब्द ठरतो.

असाच उंबरा कानालाही आहे. डूल घालतात तो बाहेरचा कान ‘ओरेखा’, तर ठणका लागतो तो आतला कान, आणि ऐकण्याची शक्तीही, ‘ओइदो’. पाण्यात, म्हणजे स्वतःच्या घरात, पोहणारा मासा ‘पेस’. पकडून खाण्यासाठी बाहेर काढला की तोच ‘पेस्कादो’.

दारावर थाप पडली की मराठी घरातून ‘आलो, आलो’ असे उत्तर जाते, कारण बोलणारा मनाने क्षणभर उंबऱ्यापलीकडच्या पाहुण्याच्या जागी उभा राहतो. प्रमाण स्पॅनिशमध्ये मात्र तिथे ‘वोय’, म्हणजे ‘जातो’, असेच म्हणतात. ‘वेंगो’, म्हणजे ‘येतो’, हे रूप बोलणाऱ्याच्या स्वतःच्या जागेकडे येण्यासाठी राखलेले असते. मराठीतून विचार करणारा विद्यार्थी इथे हटकून चुकतो, आणि ही चूक शब्द पाठ नसल्याची नसून कुठे उभे राहायचे हे न पाहिल्याची असते, हे पुन्हा सांगणे भाग आहे.

मारिया मोलिनेर या ग्रंथपाल विदुषीने 1966-67 मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध केलेल्या कोशाचे नावच मुळी ‘स्पॅनिशच्या वापराचा कोश’ असे आहे. शब्दापुढे एकच मराठी अर्थ लिहून वही मिटणाऱ्यांनी त्या नावाकडे तरी लक्ष द्यावे.

‘असणे’ या अर्थाची ‘सेर’ आणि ‘एस्तार’ ही दोन क्रियापदे उरलेल्या जागेत मावणारी नाहीत. सेर कायमच्या गोष्टींसाठी आणि एस्तार तात्पुरत्यांसाठी, हा शिकवण्यांतला नियम फसवा आहे, एवढे मात्र सांगितलेच पाहिजे. कारण ‘तो मेलेला आहे’ या वाक्यात, ज्याहून कायमचे काही नाही, स्पॅनिश माणूस एस्तारच वापरतो.