विरंगुळ्याची जागा



‘गावच्या बागा व मैदाने’ या विषयावर बोला, असे कार्यवाहांनी सांगितले तेव्हा आम्हांला हसू आले. मुंबईला उद्यान खाते आहे. भिवपुरीला कसले खाते आणि कसले उद्यान! परंतु विचार करता वाटले, हा तर आमचाच विषय. कामगाराला मजुरी किती, याइतकेच काम सुटल्यावर तो बसतो कोठे, हेही पाहिले पाहिजे.

रविवारची सुटी कोणी आपण होऊन दिलेली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभी केली, तेव्हा कोठे १८९० साली मालकांनी ती कबूल केली. वेळ मिळाला, जागा मिळायची होती. पुढे १९५३ च्या कामगार कल्याण निधी कायद्यातून केंद्रे निघाली. कॅरम, वाचनालय, शिवणवर्ग, नाटकाची तालीम. आम्हांला वाचनाची गोडी लागली ती अशाच एका केंद्राच्या बाकावर. त्या निधीत कामगाराच्या पगारातलाही पैसा जातो, तेव्हा तो कोणाचा उपकार नव्हे.

आता आपला मुलूख पाहा. १९२२ पासून ठोकरवाडी धरणाचे पाणी घाट उतरून भिवपुरीच्या वीजघरात येते. वीज मुंबईकडे जाते, पाणी पेज नदीला मिळते. म्हणून पेज भर उन्हाळ्यात वाहते, आणि म्हणूनच तिच्या आसपास फार्महाऊसे उठली. पावसाळ्यात भिवपुरी रोडला गाडी थांबली की झुंडी धबधब्याकडे निघतात. कोणी बुडाले की मनाई हुकूम निघतो. वर माथेरानला तर पाहुण्याला माणसाने ओढायच्या रिक्षेत बसवीत; ती पद्धत सहा महिन्यांत बंद करा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाला २०२५ साली द्यावा लागला.

पाहुण्यांवर आमचा राग नाही. आठवडाभर लोकलला लटकणारा माणूसच तो, त्याने हवा खायला यावे. परंतु त्याच्या खोल्या झाडणाऱ्या, त्याची भांडी घासणाऱ्या बाईच्या पोरांनी खेळावे कोठे?

पूर्वी हा प्रश्नच नव्हता. भात कापून झाले की मृगापर्यंत खाचरे मोकळी. पोरे ढेकळे ठोकून खेळपट्टी करीत, गोवऱ्यांच्या ढिगाला चौकार धरीत, शेतकरी बांधावर बसून पाहत असे. एका वाडीत आम्ही हे वर्षानुवर्षे पाहिले. एका दिवाळीनंतर गेलो, तो तेथे तारेचे कुंपण. जमीन विकली गेली होती. शेतकऱ्याला दोष देता येईना. मुलीचे लग्न, डोक्यावर कर्ज. विकत घेणाऱ्यानेही बेकायदा काही केले नव्हते. चूक आमची सगळ्यांची. ज्याला आपण मैदान म्हणत होतो, ते कागदावर मैदान कधीच नव्हते!

कागदाचीच गोष्ट निघाली म्हणून सांगतो. १९९२ च्या घटनादुरुस्त्यांनी शहरांना आणि गावांना कामांच्या याद्या दिल्या. शहरांच्या यादीत बागा आणि क्रीडांगणे नावानिशी आहेत. गावांच्या एकोणतीस विषयांत ग्रंथालये आहेत, सांस्कृतिक कार्य आहे; बाग नाही. यादी करणाऱ्यांना वाटले असेल, खेड्याला बाग कशाला, सारे रानच तर आहे. रान कुंपणात जाईल हे कोणाच्या ध्यानी आले नसावे.

तरी गावाच्या हाती काहीच नाही असे नव्हे. गायरान आणि इतर सामाईक जमिनी गावाच्या उपयोगासाठीच राहिल्या पाहिजेत, त्यांवरील अतिक्रमणे काढा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली बजावले आहे. गायरान आधी गुरांचे, हे खरे. त्यावर परवानगीवाचून मैदान आखता यायचे नाही. म्हणून पहिले काम दगदगीचे आहे. तलाठी कचेरीत जाऊन गावाची सामाईक जमीन कोणती, तिचे गट क्रमांक कोणते, मोजणी झाली आहे का, हे पाहावयाचे. मग ग्रामसभेत ठराव, मग मागणी. आणि मागताना पोरींसाठीही मागा. क्रिकेटची पोरे एकदा पसरली की पोरींना कोपराही उरत नाही.

१ मेच्या ग्रामसभेत ठेवण्याचा अर्ज आम्ही लिहून आणला आहे. सभा संपल्यावर तो दाराजवळच्या टेबलावर राहील. ज्यांना सही येत नाही त्यांच्यासाठी शाईची डबीही ठेवली आहे.