फेरविक्रीचे घर



जुनी सदनिका स्वस्तात घ्यावी, रंगरंगोटी करावी, ओटा आणि न्हाणीघराच्या फरशा बदलाव्यात आणि सहा-आठ महिन्यांत ती नफ्याने विकून मोकळे व्हावे, हा उद्योग आज ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीतील नोकरदार तरुणाला मोह घालीत आहे. तो जन्मजात सटोडिया नव्हे. निवृत्तिवेतनाची हमी गेली, ठेवीवरचे व्याज महागाई खाऊन टाकते. तेव्हा आईवडिलांच्या हयातीत जी एक वस्तू वाढताना त्याने पाहिली, तिच्याकडेच तो वळतो. त्याची निर्भर्त्सना करण्याआधी त्याचा हिशेब तपासणे न्याय्य ठरेल.

डोंबिवली स्थानकाजवळ, लिफ्ट नसलेल्या इमारतीतील सदनिका त्याने ४० लाखांना घेतली असे समजू. मुद्रांक शुल्क सात टक्के धरले तर २ लाख ८० हजार, नोंदणी ३० हजार, एक टक्का दलालीचे ४० हजार. दुरुस्तीला ४ लाख. नऊ टक्के व्याजाने ३० लाखांचे कर्ज काढले तर नऊ महिन्यांचे व्याज दोन लाखांवर जाते. विकताना पुन्हा दलाली आणि गृहनिर्माण संस्थेचे हस्तांतरण शुल्क. (हे शुल्क २५ हजारांहून अधिक घेऊ नये असे २००१ चे शासकीय परिपत्रक आहे; पुष्कळ सभासदांना ते ठाऊकच नसते.) एक रुपयाही सुटण्याआधी बेरीज ५० लाखांच्या पुढे गेलेली असते. त्यावर जे काही सुटेल ते, घर २४ महिन्यांच्या आत विकले म्हणून, अल्पकालीन भांडवली नफा ठरते आणि नेहमीच्या उत्पन्नाप्रमाणे करपात्र होते.

म्हणजे नऊ महिन्यांत किमतीत चौथाईहून अधिक वाढ व्हायला हवी. फरशी बदलल्याने ती होत नाही. गवंडी, रंगारी आणि नळकारागीर यांनी त्या घरात खरोखर घातलेली भर चार लाखांचीच असते. उरलेली वाढ बाहेरून यावी लागते आणि ती येते सार्वजनिक पैशातून. ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोची पायाभरणी १८ डिसेंबर २०१८ रोजी कल्याणात झाली. असा मार्ग नकाशावर उमटला की गाडी धावण्याच्या कितीतरी आधी जाहिरातींत त्याची स्थानके येतात. मार्ग करदात्यांचा, वाढ मात्र घरमालकाची! हेन्री जॉर्ज यांनी १८७९ मध्ये ज्या अनर्जित वाढीवर बोट ठेवले होते, ती हीच. नवशिक्याला वाटते की आपण घर सुधारून विकतो. वस्तुतः तो पुढच्या मेट्रोवर पैज लावीत असतो.

भांडवल तोकडे पडले की तो स्वस्तातल्या नव्या इमारतींकडे वळतो, आणि तेथे धोका अधिक दारुण आहे. कल्याण-डोंबिवलीतील ६५ इमारतींच्या बांधकामासाठी महापालिकेच्या बनावट परवानग्या तयार करून त्यांच्या आधारे महारेराची नोंदणी मिळविल्याचे प्रकरण २०२२ मध्ये गाजले. नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने या इमारती पाडण्याचा आदेश दिला. नोंदणी क्रमांक पाहून निश्चिंत झालेल्या कुटुंबांच्या डोक्यावरील छप्परच त्यामुळे अनिश्चित झाले. अशा इमारतीतील घर दोनदा-तीनदा हातांतरित झाले, तर आधीचे विक्रेते आपापला नफा घेऊन गेलेले असतात. नोटीस येते ती शेवटी चावी ज्याच्या हाती असेल त्याच्या दारावर.

आणि शासन? १९७६ चा नागरी जमीन कमाल धारणा कायदा महाराष्ट्राने २००७ मध्ये मोडीत काढला. बिल्डरकडून घेतलेली सदनिका गुंतवणूकदाराने मुदतीत विकली, तर आधी भरलेले मुद्रांक शुल्क पुढील व्यवहाराच्या शुल्कातून वळते करण्याची सवलत आहे. ही मुदत २०२२ च्या राज्य अर्थसंकल्पाने एक वर्षावरून तीन वर्षांवर नेली. याउलट खोणी किंवा शिरढोण येथे म्हाडाच्या सोडतीत घर मिळालेल्याला ते पाच वर्षे विकता येत नाही. हे बंधन रास्तच आहे, कारण त्या घरात समाजाचा पैसा आहे. पण मेट्रोमुळे वाढलेल्या सदनिकेच्या किमतीतही समाजाचाच पैसा नाही काय?

सिंगापूरला कोणी समाजवादी म्हणणार नाही. तेथे २०१० पासून निवासी मालमत्ता लवकर विकणाऱ्यावर वेगळे मुद्रांक शुल्क आहे, आणि जुलै २०२५ मध्ये ते पहिल्या वर्षातील विक्रीसाठी १६ टक्क्यांपर्यंत नेण्यात आले. चार वर्षे घर बाळगले तरच त्यातून सुटका. आपल्याकडे मात्र लवकर विकणाऱ्याला सूट मिळते. घराची किंमत प्रत्येक उडीबरोबर चढते, आणि डोंबिवलीत घर पाहायला आलेले कुटुंब कल्याणला जाते, कल्याणचे टिटवाळ्याला किंवा बदलापूरला, आणि पहाटेची लोकल दर खेपेस आणखी थोडी लवकर पकडते.