एका गुणाचा हिशोब कोण देणार?

नवी मुंबईतून बोलतोय. आज विषय बॉक्सिंगच्या पंचांचा.

5 ऑगस्ट 2017, वरळीचा एनएससीआय डोम. विजेंदर सिंग विरुद्ध चीनचा झुल्पिकार मैमैतियाली, दहा फेऱ्या. निकाल विजेंदरच्या बाजूने: 96-93, 95-94, 95-94. तिन्ही पंच एकमताने, म्हणजे वाटतं दणदणीत विजय. पण गणित करा. फेरी जिंकणाऱ्याला 10 गुण, हरणाऱ्याला बहुतेक वेळा 9. एक फेरी उलटी दिली की दोन गुणांचा फरक पडतो. शेवटच्या दोन पंचांनी एकेक फेरी जरी झुल्पिकारकडे दिली असती, तरी विजेंदर हरला असता!

निकाल चुकला असं मी म्हणत नाही. पण इतक्या बारीक फरकावर एखाद्याचं करिअर ठरत असेल, तर फेरीफेरीचा हिशोब मिळायला नको का?

पुढच्याच महिन्यात लास वेगासला कनेलो-गोलोव्किन. बारा फेऱ्या. एका पंचाचे गुण 115-113 गोलोव्किनला, दुसऱ्याचे 114-114, आणि ॲडलेड बर्ड यांचे 118-110 कनेलोला. म्हणजे बारापैकी दहा फेऱ्या त्याच्या! लढत बरोबरीत सुटली.

खेळाडूची हार रेकॉर्डवर कायम राहते. पंचाचं रेकॉर्ड आपण कधी बघतो? स्कोअरकार्ड फेरीनिहाय, नावासकट जाहीर व्हावं. एखाद्याचे गुण बाकी दोघांपेक्षा फारच वेगळे असतील, तर लेखी कारण घ्यावं.

तोवर एक करा. पुढची लढत कॉमेंट्री म्यूट करून बघा, प्रत्येक फेरीनंतर मोबाइलमध्ये गुण लिहा, मग पंचांशी ताडून बघा. भेटू पुढच्या भागात!